एका औषधाचे ९ पौंड ९० पेन्स : इंग्लंडमधील प्रिस्क्रिप्शन शुल्काचा आणि प्रीपेमेंट सर्टिफिकेटचा आढावा

इंग्लंडमध्ये डॉक्टरला दाखवायचे पैसे पडत नाहीत, रक्त तपासण्याचे पडत नाहीत, रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया करून घेतली तरी बिल येत नाही. दात आणि चष्मा हे जुने अपवाद सोडले, तर नॅशनल हेल्थ सर्व्हिसमध्ये, म्हणजे एनएचएसमध्ये, सामान्य माणसाला खिशात हात घालावा लागतो तो जीपीने, म्हणजे भागातल्या नेहमीच्या डॉक्टरने, लिहून दिलेले औषध केमिस्टकडून घेताना. १ मे २०२४ पासून हा दर एका औषधाला ९ पौंड ९० पेन्स आहे आणि २०२५ मध्ये तो वाढवलेला नाही. रुपयांत सांगायचे तर चिठ्ठीवरच्या प्रत्येक ओळीमागे हजाराहून जास्त. या शुल्काचा, आणि ते हलके व्हावे म्हणून सरकारनेच विकायला ठेवलेल्या प्रीपेमेंट सर्टिफिकेटचा, म्हणजे आगाऊ पैसे भरून घ्यायच्या पासाचा, हा आढावा आहे. मी लेस्टरमध्ये राहतो, मला दमा आहे, वय साठीच्या आत आहे आणि पगाराची नोकरी आहे; म्हणजे ज्या लोकांकडून हे शुल्क प्रत्यक्षात वसूल होते त्यांत मी नेमका बसतो. माझे मत त्यामुळे अगदी तटस्थ असेल अशी अपेक्षा वाचकांनी ठेवू नये.

आधी सेवेबद्दल, कारण तिथे तक्रारीला फारशी जागा नाही. जीपीने लिहिलेली चिठ्ठी आता बहुतेक वेळा कागदावर येतच नाही. आपण निवडलेल्या फार्मसीच्या संगणकावर ती थेट पोहोचते, औषधे पिशवीत भरून तयार असतात आणि काउंटरवर नाव-पत्ता सांगितला की हातात पडतात. नेहमीच्या औषधांची पुढची खेप फोनवरच्या अ‍ॅपमधून मागवता येते. काउंटरवर विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: तुम्ही पैसे भरता की तुम्हाला माफी आहे? भरत असाल तर कार्ड लावायचे आणि निघायचे. हे पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात राहत नाहीत, ते एनएचएसच्या हिशेबात जमा होतात आणि औषध देण्याचे दुकानदाराचे मानधन वेगळे ठरलेले असते, ही गोष्ट मात्र पुष्कळ जणांना ठाऊक नसते. त्यामुळे दर वाढला की शिव्या खातो तो काउंटरमागचा माणूस. आमच्या भागातले कितीतरी फार्मासिस्ट गुजराती आहेत, गिऱ्हाईकही बरेचसे ओळखीचे असते, आणि तरीही एक पेनी सोडण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो.

खटकायला लागते ते आकारणीचे एकक पाहिल्यावर. शुल्क औषधाच्या किमतीवर नाही, गोळ्यांच्या संख्येवर नाही, उपचाराच्या कालावधीवरही नाही. ते आहे चिठ्ठीवरच्या बाबींवर, म्हणजे लिहिलेल्या प्रत्येक औषधामागे. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनच्या २८ गोळ्या एनएचएसला एका पौंडाहून कमी दरात पडतात, पण त्या घेणाऱ्या पन्नाशीच्या माणसाकडून ९ पौंड ९० पेन्स घेतले जातात, आणि पुष्कळ महागडे औषध लिहून मिळालेला माणूसही तेवढेच भरतो. पहिल्या माणसाच्या बाबतीत याला औषधाच्या खर्चातला वाटा म्हणणे कठीण आहे. त्याने औषधाची किंमत तर दिलीच, वर आजारी असल्याबद्दलचा एक छोटा करही दिला. पायांतल्या शिरांसाठी दाबाचे मोजे लिहून दिले, तर जोडीला दोन शुल्के लागतात, जणू कोणी एकाच पायाचा मोजा घेऊन घरी जाणार आहे. आणि जीपीच्या दवाखान्याने चिठ्ठी २८ दिवसांची लिहायची की ५६ दिवसांची, यावर त्याच औषधाचा वर्षाचा खर्च दुप्पट किंवा निम्मा होतो. हा निर्णय बहुतेक ठिकाणी दवाखान्याच्या अंतर्गत धोरणाने होतो. रुग्णाला त्यात सहसा कोणी विचारत नाही, आणि विचारल्याशिवाय बदलूनही मिळत नाही.

माझ्या स्वतःच्या आजाराचेच उदाहरण घ्यावे. दम्याच्या रुग्णाला वर्षानुवर्षे दोन पंप दिले जात: रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा प्रतिबंधक स्टेरॉइडचा, बहुधा तपकिरी, आणि दम लागला की तात्पुरता आराम देणारा साल्ब्युटामॉलचा निळा. दोन बाबी, दोन शुल्के, १९ पौंड ८० पेन्स. निळ्या पंपाने दोन मिनिटांत छाती मोकळी होते. तपकिरी पंपाने लगेच काहीच जाणवत नाही. हात आखडता घ्यायची वेळ आली की माणूस कोणता पंप सोडेल हे सांगायला डॉक्टर असावे लागत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दम्याच्या मृत्यूंच्या राष्ट्रीय आढाव्यात, आराम देणाऱ्या पंपाचा अतिवापर आणि प्रतिबंधक पंपाचा अपुरा वापर ही गोष्ट ठळकपणे पुढे आली होती. तिचे कारण केवळ शुल्क आहे असे मी म्हणणार नाही, कारण आळस आणि गैरसमज यांचाही त्यात वाटा असतो. पण चुकीच्या बाजूला झुकणाऱ्या तराजूत सरकारने आपलेही वजन टाकावे का, हा प्रश्न उरतो. नोव्हेंबर २०२४ च्या नव्या मार्गदर्शनाने प्रतिबंध आणि तात्पुरता आराम ही दोन्ही कामे करणारा एकच पंप पुढे केला आहे, त्यामुळे माझ्यासारख्यांच्या दोन बाबींची एक झाली. उपचार सुधारला म्हणून खर्च निम्मा झाला याचा आनंद आहेच, मात्र तो निव्वळ योगायोगाने झाला. शुल्काच्या नियमाला त्यातले काहीही कळलेले नाही.

आता त्या पासाकडे वळतो. प्रीपेमेंट सर्टिफिकेट म्हणजे मुंबईच्या लोकलचा पास समजावा: एकदा पैसे भरले की मुदतीत चिठ्ठीवर किती औषधे आली याची मोजदाद होत नाही. तीन महिन्यांचा पास ३२ पौंड ५ पेन्सला आणि बारा महिन्यांचा ११४ पौंड ५० पेन्सला मिळतो. तीन महिन्यांत चार किंवा वर्षाला बारा बाबी झाल्या की तो फायद्यात पडतो. महिन्याला दोन औषधे घेणाऱ्याचे वर्षाला सव्वाशे पौंडांच्या आसपास वाचतात. वर्षाच्या पासाचे पैसे बँकेतून दहा हप्त्यांत, दर हप्त्याला ११ पौंड ४५ पेन्स, असेही भरता येतात. तो संकेतस्थळावर काही मिनिटांत मिळतो, दाताच्या डॉक्टरने लिहून दिलेली औषधेही त्यात येतात, आणि मुदत अर्जाच्या तारखेच्या महिनाभर आधीपासून किंवा नंतरपासून सुरू करून घेता येते. वस्तू म्हणून पाहिले तर एनएचएसने विकलेल्या गोष्टींत यापेक्षा किफायतशीर काही नाही, आणि ज्याला दोन औषधे कायमची चालू आहेत त्याने हा आढावा पुढे न वाचता आधी पास घ्यावा.

तरीही पासाची एक अडचण आहे. तो ज्याला सर्वांत जास्त हवा, त्याच्यापर्यंत तो सर्वांत शेवटी पोहोचतो. पहिल्यांदा आजाराचे निदान झालेला माणूस गोंधळलेला असतो, त्याला पुढच्या वर्षात किती बाबी लागतील हे माहीत नसते. काउंटरवर गर्दी असली तर पासाची आठवण करून देण्याची सवड फार्मासिस्टला नसते. आणि दुकानात लावलेला फलक खोकल्याच्या बाटल्यांच्या मागे गेलेला असतो. हप्त्यांची सोय बँक खात्यावर अवलंबून आहे आणि एकदा घेतली की सगळे हप्ते भरण्याची बांधिलकी येते. आठवड्याच्या आठवड्याला तास कमी-जास्त होणाऱ्या नोकरीतल्या माणसाला हा करार जड वाटतो. थोडक्यात, ज्याला हिशेब करता येतो आणि पुढचे वर्ष दिसते त्याला औषध स्वस्त पडते, आणि ज्याची कमाई जेमतेम आहे तो सुटे तिकीट काढत राहतो.

या शुल्काचा इतिहास त्याच्या समर्थकांना आणि विरोधकांना सारखाच अडचणीचा आहे. ५ जुलै १९४८ रोजी एनएचएस सुरू झाली तेव्हा औषध पूर्ण मोफत होते. पुढच्याच वर्षी शुल्क लावण्याचा अधिकार कायद्यात घालून ठेवला गेला, पण तो लगेच वापरला नाही. १९५१ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावले, तेव्हा एनएचएसचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले आणि त्यांच्याबरोबर हॅरल्ड विल्सनही बाहेर पडले. जून १९५२ मध्ये चर्चिल यांच्या सरकारने चिठ्ठीमागे एक शिलिंग सुरू केले. १९५६ मध्ये ते चिठ्ठीऐवजी प्रत्येक बाबीला लागू झाले, आणि आजच्या तक्रारींची मुळे तिथेच आहेत. पंतप्रधान झाल्यावर विल्सन यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये शुल्क काढून टाकले. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, तिजोरीला ओढ लागली, आणि जून १९६८ मध्ये त्याच विल्सन यांच्या सरकारला अडीच शिलिंगांचे शुल्क परत आणावे लागले. ज्या तत्त्वासाठी राजीनामा दिला ते तत्त्व मोडताना थोडी लाज राखायची म्हणून यावेळी सवलतींची यादी जोडण्यात आली. आपण आज भांडतो आहोत ते या यादीशी.

त्या यादीत वैद्यकीय माफी मिळणारे आजार ठरवून दिलेले आहेत: औषध घ्यावे लागणारा मधुमेह, हॉर्मोनच्या गोळ्या लागणारी थायरॉइडची कमतरता, सतत औषध लागणारी अपस्माराची व्याधी, अ‍ॅडिसनचा आजार, मायस्थेनिया ग्रॅव्हिस, आणि अशीच आणखी काही थोडी नावे. निवडीमागचे तेव्हाचे तर्क असे होते की आजार सहज ओळखता यावा, त्यावर जन्मभर औषध लागावे आणि औषध थांबले तर जीव धोक्यात यावा. १९६८ च्या मानाने हे समजण्यासारखे होते. सिस्टिक फायब्रोसिस हा फुफ्फुसे आणि पचन बिघडवणारा जन्मजात आजार यादीत नाही, कारण त्या काळी हा आजार असलेली मुले मोठी होतील अशी अपेक्षाच नसे, आणि मुलांना तर तशीही माफी होती. आज ती मुले चाळिशी-पन्नाशी गाठतात आणि ढीगभर औषधांवर शुल्क भरतात. दमा, पार्किन्सन, संधिवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, हृदयविकार, उच्च रक्तदाब यांपैकी काहीही यादीत नाही. कर्करोग थेट एप्रिल २००९ मध्ये आत आला. म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळात एका आजाराची भर पडली आणि वैद्यकशास्त्र मात्र तिथून कुठल्या कुठे गेले.

यादीचा विक्षिप्तपणा पाहायला मला घराबाहेर जावे लागत नाही. माझ्या पत्नीला थायरॉइडची गोळी आहे, त्यामुळे तिच्याकडे वैद्यकीय माफीचे प्रमाणपत्र आहे. हे प्रमाणपत्र केवळ थायरॉइडच्या गोळीपुरते नसते. ते जवळ असेल तर घसादुखीचे अँटिबायोटिक, त्वचेचे मलम, गुडघ्यावरचे जेल, जे काही एनएचएसच्या चिठ्ठीवर येईल ते सगळे मोफत. तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे. एकाच पिशवीत आमची औषधे येतात, तिची फुकट आणि माझी विकत, आणि दोघांपैकी औषध चुकल्याने रात्री रुग्णवाहिका बोलवायची पाळी कोणावर येऊ शकते याचा या हिशेबाशी काहीही संबंध नसतो. मधुमेहातही असेच आहे: पथ्यावर साखर आटोक्यात ठेवणारा शुल्क भरतो, आणि त्याने पथ्य सोडून गोळी सुरू केली की त्याची सगळीच औषधे माफ होतात. कोणी यासाठी मुद्दाम पथ्य मोडत असेल असे नाही. पण नियम करणाऱ्यांनी हे वाक्य एकदा मोठ्याने वाचून पाहायला हवे होते.

सरकारला हे सांगितले गेलेले नाही अशातला भाग नाही. कर्करोगाच्या माफीची घोषणा झाली त्याच सुमारास, २००८ मध्ये, दीर्घकालीन आजारांच्या सर्वच रुग्णांना माफी कशी देता येईल हे पाहण्याचे काम प्राध्यापक सर इयन गिल्मोर यांच्याकडे सोपवले गेले. त्यांचा अहवाल मे २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात टप्प्याटप्प्याने ही माफी लागू करण्याची शिफारस होती. त्याच महिन्यात सरकार बदलले, काटकसरीचे दिवस आले आणि अहवाल बाजूला पडला. पुढची सरकारे आली-गेली, तरी तो पुन्हा टेबलावर आला नाही. त्याउलट एप्रिल २०२३ पासून रजोनिवृत्तीच्या हॉर्मोन उपचारासाठी स्वतंत्र वार्षिक पास निघाला, तो सध्या १९ पौंड ८० पेन्सला मिळतो. तो चांगलाच निर्णय आहे आणि ज्या स्त्रियांना त्याचा लाभ झाला त्यांच्याबद्दल माझ्या मनात असूया नाही. पण ज्या आजाराच्या बाजूने संसदेत आणि दूरचित्रवाणीवर आवाज उठला त्याला स्वतंत्र दार मिळाले, आणि सोरायसिसच्या किंवा आतड्याच्या दाहाच्या रुग्णांना आपापल्या दाराची वाट पाहावी लागते, ही पद्धत न्यायाची म्हणता येत नाही.

वयाची माफी याहून मोठी आहे. साठी पूर्ण झाली की उत्पन्न कितीही असो, इंग्लंडमध्ये सगळी औषधे मोफत. पूर्वी पुरुषांना हे वय ६५ होते. १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाच्या निकालाने ते स्त्रियांइतके, म्हणजे ६०, झाले. निवृत्तिवेतनाचे वय पुढे ६६ झाल्यावर औषधमाफीचे वयही तिथवर नेण्याचा विचार २०२१ मध्ये सरकारने जाहीरपणे मांडला आणि २०२३ मध्ये तो सोडून दिला. ६० ते ६५ या वयात शरीराचे यंत्र कुरकुरू लागते आणि नेमक्या तेव्हाच शुल्क लावले तर लोक औषधे टाळतील, हा आक्षेप मला पटतो. मात्र तो पटला तर पंचेचाळिशीत हृदयविकाराचा झटका येऊन पाच गोळ्या सुरू झालेल्या बसचालकाच्या बाबतीतही तो पटायला हवा, आणि तिथे सरकारचे कान बंद होतात.

इंग्लंडमध्ये दिल्या जाणाऱ्या औषधांच्या दहापैकी जवळजवळ नऊ बाबींवर काहीच शुल्क लागत नाही. समर्थक हा आकडा अभिमानाने सांगतात. मला तो उलट दिशेने बोलका वाटतो: इतक्या जणांना वगळल्यावर उरलेल्या एका बाबीचे पैसे कोण देतो, याचे उत्तर ‘श्रीमंत’ असे नाही. युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी आधार घेणाऱ्यालाही माफी मिळते ती त्याची महिन्याची हातात येणारी कमाई ४३५ पौंडांच्या आत असेल तरच. मूल सांभाळत असेल किंवा आजारपणामुळे काम करण्याची क्षमता मर्यादित ठरली असेल तर ९३५ पौंड. एप्रिल २०२५ च्या किमान वेतनाने, ताशी १२ पौंड २१ पेन्सने, महिन्यात छत्तीस तास काम केले की ४३५ ची रेघ ओलांडली जाते. छत्तीस तास म्हणजे महिन्याचे नव्हे, पूर्णवेळ नोकरीतल्या एका आठवड्याचे काम. रेघेच्या अलीकडे सगळे मोफत आणि पलीकडे पूर्ण दर. मध्ये पायरी नाही. अल्प उत्पन्नाची वेगळी योजना आहे, तिचा एचसी-१ नावाचा लांबलचक अर्ज आहे, आणि तो भरण्याचा चिवटपणा आजारपणात सगळ्यांकडे असतोच असे नाही.

आणि चुकीच्या चौकटीत खूण केली तर दंड. हिरव्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला माफीच्या कारणांच्या चौकटी बारीक अक्षरांत छापलेल्या असतात: वय, शिक्षण, गरोदरपण, वैद्यकीय प्रमाणपत्र, निरनिराळे भत्ते, ज्यांची नावे एकमेकांसारखी आहेत. बराच काळ या कागदावर युनिव्हर्सल क्रेडिटसाठी स्वतंत्र चौकटच नव्हती. वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते. थायरॉइड पाच वर्षांनी बरा होत नाही, पण प्रमाणपत्र संपते, आणि संपलेले असताना सही केली तर मूळ शुल्काच्या पाचपट, जास्तीत जास्त १०० पौंड, दंडाची नोटीस घरी येते. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०१९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०१४ पासून औषधे आणि दातांचे उपचार मिळून अशा ५६ लाख नोटिसा निघाल्या होत्या आणि त्यांतल्या १७ लाख नंतर मागे घ्याव्या लागल्या, कारण त्या माणसांना माफी खरोखरच लागू होती. दर तीन-चार नोटिसांपैकी एक चुकीच्या माणसाला जात असेल, तर घोळ माणसांत नसून नियमांत आहे असे म्हणायला हरकत नसावी. आता बऱ्याच माफ्या फार्मसीच्या संगणकावरच तपासता येतात, ही सुधारणा नोंदवली पाहिजे.

या सगळ्यात रोजच्या रोज अवघडून जातो तो काउंटर. मागच्या हिवाळ्यात माझ्यापुढे रांगेत एक बाई होत्या, सफाईच्या कंपनीचा गणवेश अंगावर, हातात तीन औषधांची पिशवी. रक्कम ऐकल्यावर त्यांनी पिशवी परत काउंटरवर ठेवली आणि हळू आवाजात विचारले, “यातले कोणते नाही घेतले तर चालेल?” फार्मासिस्टने तिन्ही डबे उघडून पाहिले, एक वेदनाशामक बाजूला काढून, ते शेजारच्या सुपरमार्केटमध्ये पाऊण पौंडाला मिळेल असे सांगितले, आणि उरलेल्या दोन्ही गोळ्या घ्याव्याच लागतील म्हणून बजावले. त्याने केले ते योग्यच होते. पण रक्तदाब आणि पोटाच्या गोळीतून एक निवडण्याची वेळ आली असती, तर त्याच्याकडेही उत्तर नव्हते, आणि हा प्रश्न त्याला किती वेळा ऐकावा लागत असेल हे त्याच्या सरावलेल्या हातांवरून दिसत होते.

शुल्काच्या बाजूने दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. पहिली, फुकट मिळाले की लोक उगाच औषधे घेतात. हा युक्तिवाद मला कधीच समजलेला नाही, कारण चिठ्ठी रुग्ण लिहीत नाही, डॉक्टर लिहितो. डॉक्टर अनावश्यक लिहीत असेल तर त्याचा हात धरावा, गिऱ्हाइकाचा खिसा कशाला? दुसरी गोष्ट अधिक वजनदार आहे: या शुल्कातून वर्षाला ६० कोटी पौंडांहून अधिक रक्कम येते आणि ती सोडली तर परिचारिकांचे पगार किंवा शस्त्रक्रियांच्या रांगा यांना झळ बसेल. रक्कम खरी आहे, आणि तिला हसण्यावारी नेणारे लोक मला बेजबाबदार वाटतात. परंतु इंग्लंडच्या एनएचएसचा वर्षाचा खर्च १६० अब्ज पौंडांच्या पुढे आहे, त्यात हा वाटा अर्ध्या टक्क्यालाही पोहोचत नाही, आणि न घेतलेल्या पंपामुळे अतिदक्षता विभागात काढलेल्या रात्री या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला कोणी मांडत नाही.

शेजारी काय करतात हेही पाहावे. वेल्सने १ एप्रिल २००७ रोजी शुल्क बंद केले, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये, स्कॉटलंडने दर टप्प्याटप्प्याने उतरवत २०११ मध्ये. तिथली आरोग्यसेवा त्यामुळे बुडाली नाही. ती त्यामुळे सुधारली असेही म्हणता येत नाही. वेल्समधल्या रुग्णालयांच्या रांगा लांब आहेत आणि सगळ्यांना, अगदी लक्षाधीशालासुद्धा, डोकेदुखीची गोळी चिठ्ठीवर मोफत देण्याचे औचित्य मला पटत नाही. इंग्लंडने तिथवर जावे असा माझा आग्रह नाही. गिल्मोर यांची वाट, म्हणजे आजाराच्या नावाऐवजी तो दीर्घकाळ चालणारा आहे का हे पाहणे, मला जास्त शहाणपणाची वाटते. त्याच्या जोडीला पासाची विक्री उलटी करावी: वर्षात बारा बाबींचे पैसे भरले की पुढचे सगळे आपोआप माफ, आगाऊ काही घ्यायचे नाही. चिठ्ठ्या संगणकावर आल्यापासून हे मोजणे अवघड राहिलेले नाही.

भारतातून आलेल्यांसाठी या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. कामाच्या व्हिसावर येणारा प्रत्येक माणूस, आरोग्यसेवेतल्या नोकरीचा व्हिसा सोडला तर, फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरतो, तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम. विद्यार्थी ७७६ पौंड भरतात. वर पगारातून कर आणि राष्ट्रीय विमा कापला जातोच. एवढे भरूनही औषधाचे शुल्क माफ होत नाही. पुण्यातल्या एकाच महाविद्यालयातून निघालेल्या दोन मुलींपैकी एक ग्लासगोला गेली आणि दुसरी लेस्टरला, दोघींनी अधिभार सारखाच भरला, तर पहिलीला औषध मोफत आणि दुसरीला बाबीमागे ९ पौंड ९० पेन्स. याचे समर्थन करणारा अजून मला भेटायचा आहे. गावाकडच्या लोकांना हे सांगितले की ते हसतात, कारण महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेसुद्धा पैसे घेत नाहीत. पण तिथला खरा प्रश्न औषध खिडकीत शिल्लक आहे की ‘बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठी हातात पडते हा असतो. इथे फळीवर औषध बहुतेक वेळा असते. म्हणून त्याच्यापुढे उभ्या केलेल्या या फाटकाचे नियम जास्त डोळ्यांत येतात.

गुण द्यायचे तर सेवेला पाचपैकी साडेचार, पासाला चार, आणि शुल्क कोणाकडून घ्यायचे हे ठरवणाऱ्या नियमांना दीड. तो दीडही मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि वृद्धांना त्यांनी निर्विवादपणे बाहेर ठेवले आहे म्हणून. इथे नव्याने आलेल्यांनी पहिली चिठ्ठी घ्यायला जाण्यापूर्वी जीपीला २८ ऐवजी ५६ दिवसांची औषधे लिहिता येतील का हे विचारावे, साधी वेदनाशामके चिठ्ठीवर घेऊ नयेत, विद्यार्थ्यांनी एचसी-१ अर्ज कंटाळा न करता भरावा. पास घ्यायचा की नाही हे ठरत नसेल, किंवा माफीचे प्रमाणपत्र यायचे असेल, तर पैसे भरतानाच काउंटरवर एफपी-५७ नावाची पावती मागून घ्यावी. तिच्यावर तीन महिन्यांच्या आत परतावा मागता येतो. मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही, आणि नंतर गेल्यावर मिळत नाही.